काटे वगळून

सकाळचे साडेदहा वाजले असतील. शेजारच्या खुर्चीतला डॉक्टर आपल्या सासऱ्यांच्या घोरण्याची गोष्ट सांगत होता आणि ऐन रंगात आलेली ती गोष्ट त्याने मधेच टाकली. हा माणूस गोष्ट मधे टाकणाऱ्यातला नव्हता. बावीस वर्षं ती दोघं, तो आणि डॉक्टरीणबाई, एकाच लांब टेबलाशी बसून बायकांच्या छातीचे एक्स-रे वाचत आली होती. एवढ्या काळात तिने त्याला तापाने फणफणलेला पाहिला होता, बायकोशी भांडून आलेला पाहिला होता, पण गप्प असा पाहिला नव्हता. तिने मान वळवली. त्याच्या पडद्यावर एकाच बाईचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते, उजवीकडे आजचा आणि डावीकडे मागच्या वर्षीचा. आजच्या फोटोतली गाठ दाखवून द्यायला कुणी तज्ज्ञ नको होता, इतकी ती ठळक होती. पांढरीफेक, चहूबाजूंनी काटे फुटलेली. डावीकडे त्याच जागी वाटाण्याएवढा फिकट ठिपका होता. ठिपक्याभोवती मशीनने ओढलेली पिवळी रेघ, रेघेखाली आकडा, शंभरापैकी अकरा, आणि त्याखाली शेरा: काळजीचं कारण नाही, वर्षाने यावे.

"सही माझी आहे," तो म्हणाला.

सही बघावी, गाठ किती वाढली ते मोजावं, निदान त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, यातलं काही तिला सुचलं नाही. पिवळ्या रेघेवरून नजर हलेना. गर्दीत पुढे चाललेल्या माणसाची नुसती पाठ दिसावी आणि चालीवरून ओळखू यावं की हा तर आपल्या घरातला, तसं काहीसं झालं. रेघ सुरेख होती. कुठेही न अडखळता, एका श्वासात फिरवून आणल्यासारखी. उघड्या डोळ्यांनी नीट पाहिलं तर त्या ठिपक्यातून चार-पाच केसासारख्या रेषा बाहेर निघाल्या होत्या, आणि न्हाव्याने गालावरून वस्तरा फिरवावा तशी ती रेघ त्यांना मुळाशी कापत गेली होती. आत उरलं होतं एक गुळगुळीत, निरुपद्रवी अंडं. ही रेघ आपण कुठेतरी पाहिली आहे, एवढंच तिला आधी वाटलं. मग कानाच्या पाळ्या तापल्या. मनाला अजून काही कळलेलं नव्हतं. कानांना कळलं होतं.

मशीन म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हतं. त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये बसवलेला तो एक प्रोग्रॅम होता, इथल्याच डॉक्टरांनी आणि एका कॉलेजातल्या इंजिनियरांनी मिळून तयार केलेला. पण सगळे त्याला मशीनच म्हणत. शेजारचा डॉक्टर त्याला जावई म्हणायचा. घरात आला की त्याला मानाची जागा द्यायची, तो म्हणेल त्याला मान डोलवायची, आणि चुकला तरी तोंडावर बोलायचं नाही. फोटोत गाठ दिसली की जावई तिच्याभोवती रेघ ओढायचा आणि त्या रेघेवरून आकडा सांगायचा. कड गुळगुळीत असली तर गाठ बहुधा साधी. कडेला काटे असले, म्हणजे गाठ आजूबाजूच्या भागात बोटं घालू लागली असली, तर लक्षण बरं नाही. आकडा वीसच्या खाली आला की वाचणाऱ्याचे खांदे आपसूक सैल पडत. शेवटचा शब्द डॉक्टरचाच, असं नियमात लिहिलं होतं; पण दिवसाला शंभर बायकांचे फोटो नजरेखालून घालणाऱ्या माणसाला नियम कितीसा आठवतो. तीन वर्षं मशीन रोजच्या कामात होतं. त्याने मोठ्या गाठी कधी सोडल्या नव्हत्या. उलट दोन-तीनदा डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेली गाठ त्यानेच पकडून दिली होती, आणि तेव्हा विभागात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता.

बाहेर बसलेल्या बाईशी बोलायचं काम रिवाजाप्रमाणे तिच्याकडे आलं. ती बाई एका तलावावर पोहायला शिकवायची. रुंद खांद्यांची, आखूड केसांची, अंगाला तलावातल्या औषधाचा पुसट वास. डॉक्टरीणबाई सांगत गेल्या आणि ती ऐकत गेली: गाठ दिसते आहे, सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, उद्याच करू, सोबत कुणाला तरी आणा. बाईने सगळं शांतपणे ऐकलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि विचारलं, "ही मागच्या वर्षी होती का?"

"सांगणं कठीण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वाक्य तिच्या तोंडून इतकं सफाईने आलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. बाईने मान हलवली. मग काही विचारायचं म्हणून नव्हे, नुसतं आठवलं म्हणून ती सांगू लागली. मागच्या वर्षी काही नाही म्हणून कळल्यावर ती इथून थेट तलावावर गेली होती. शिकायला आलेल्या बायकांना तिने सांगून टाकलं, आज तुम्हाला सुट्टी, आज मी एकटी पोहणार. तासभर पोहली. इतकं हलकं अंग तिला लहानपणानंतर कधी वाटलं नव्हतं. हे सांगताना ती थोडी हसली, आणि डॉक्टरीणबाईही हसल्या, कारण समोरचं माणूस हसलं की हसायची चेहऱ्याला सवय असते.

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. पुढचे चार दिवस शेजारच्या डॉक्टरने स्वतःला फाडून खाल्लं. तो कामावर येत होता, फोटो वाचत होता, पण एकेका साध्या फोटोपुढे वीस-वीस मिनिटं बसून राहायचा. मी बघितलंच नाही, तो म्हणायचा; मी आकडा बघितला आणि सही केली; एवढे काटे आणि मला दिसू नयेत, डोळे आहेत की भोकं. ती त्याची समजूत घालत होती. आपल्यापैकी कुणाचंही झालं असतं, असं तिने त्याला निदान दहादा सांगितलं. दुपारी ती स्वतः उठून खालून दोघांसाठी चहा आणायची, त्याच्या कपात साखर घालून ढवळून द्यायची. चौथ्या दिवशी कप हातात घेताना तो म्हणाला, "तू होतीस म्हणून मी उभा आहे."  आपल्या कपातला ढवळून झालेला चहा ती पुन्हा ढवळत राहिली.

कारण तोवर तिला रेघ ओळखू आली होती. पहिल्या दिवशीच, बाई निघून गेल्यावर, हात धुताना. रेघ धाकट्याची होती.

धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नकाशे काढणारा. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका कचेरीत त्याने अठरा वर्षं शाईचं पेन धरून नद्या, रस्ते, टेकड्यांच्या कडा काढल्या, आणि एक दिवस ते सगळं कॉम्प्युटर करू लागल्यावर कचेरीने त्याच्या हातात निरोपाचं पत्र दिलं. त्याला कॉम्प्युटरचा राग आला नाही, हे तिला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. तो नुसता घरात बसून राहिला. आई फोन करून तिला म्हणायची, "अगं, तो पोळपाटाच्या कडेवरनं बोट फिरवत बसतो. बघवत नाही." याच सुमाराला दवाखान्यात मशीनचं काम सुरू झालं. मशीनला शिकवायचं म्हणजे आधी हजारो जुन्या फोटोंतल्या गाठींच्या कडा माणसाने हाताने काढून द्यायच्या. त्या बघून ते स्वतः कडा काढायला शिकणार. कडा डॉक्टरनेच काढायच्या, असा दंडक होता. चौघाजणांत काम वाटलं गेलं आणि लहान गाठींचा वाटा तिच्याकडे आला. तिने तो हट्टाने मागून घेतला होता, कारण लहान गाठी किचकट, त्यात मेहनत जास्त, नाव जास्त. मेहनतीला वेळ तिच्यापाशी नव्हता. फोटोवर कडा काढायची काचेची पाटी आणि पेन घरी न्यायची परवानगी मात्र तिने मिळवली होती, आणि एका दुपारी धाकट्याला बोलावून तिने ती पाटी त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलावर ठेवली. आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत, असं तिला मनापासून वाटलं होतं. ते खोटंही नव्हतं. हेच तर वाईट होतं. त्या दुपारचं सगळं खोटं असतं तर तिच्याकडे पाठ फिरवता आली असती. पण त्याचा चेहरा उजळला होता, पेन धरायच्या आधी हात धुऊन यावेत म्हणून त्याने बाही वर केली होती, आणि तिला आत कुठेतरी भरून आलं होतं, हेही तितकंच खरं.

दोन दुपारी तिने त्याला शिकवलं. पुढे पंधरवड्याने एका दुपारी ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. परिषदेला कोण जाणार, कुणाचं नाव आधी छापायचं, असलं काहीतरी. तो पाटी घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. फोनवर हात ठेवून तिने भुवया वर केल्या.

"ताई, या कडेला बारीक काटे आहेत. एकेक काढत बसलो तर एका चित्राला पाऊण तास जातोय. काढायचे ना?"

"एवढं बारीक नको रे. काटे सोड, नुसता गोळा धर."

तो बरं म्हणाला आणि गेला. एवढंच. काटे म्हणजे काय, ते तिच्याइतकं त्या घरात, त्या इमारतीत, बहुधा त्या अख्ख्या रस्त्यावर कुणाला माहीत नव्हतं. परीक्षेला बसलेल्या मुलांना ती पहिल्या तासाला तेच शिकवायची. ते वाक्य बोलताना तिला ते माहीत नव्हतं का? या प्रश्नापाशी ती चार दिवस येऊन येऊन थांबत होती, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. माहीत होतं. फोनवरचा माणूस वाट बघत होता. बाकीच्या तिघांनी आपापली निम्मी चित्रं संपवलेली होती. माहिती एका खोलीत होती आणि ती दुसऱ्या खोलीत बोलत होती, मधलं दार तिने उघडलं नव्हतं, इतकंच. पुढे तो आठवड्याला पन्नास-साठ चित्रं पुरी करू लागला. ती दर रविवारी एकदम सह्या करायची, एका हाताने पाटीवर बोट फिरवत, दुसऱ्या हाताने भाजी निवडत. सुंदर काढतोस रे, असं ती त्याला म्हणाली होती. आणि तो एकदा आईला सांगत होता की बायकांचे जीव वाचवणारं मशीन मी शिकवतोय, तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, हे कुठे बोलू नकोस, मला अडचण होईल. मग तो कुठे बोलला नाही. मशीन सुरू झालं तेव्हा समारंभ झाला, चौघा डॉक्टरांना फुलं मिळाली, तिच्या कामाची सफाई वाखाणली गेली. धाकट्याला तिने बोलावलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर, हा माझा भाऊ, एवढं म्हणून भागलं असतं. तरी नव्हतं बोलावलं.

पाचव्या दिवशी ती तळमजल्यावर कॉम्प्युटर विभागात गेली आणि जुनी चित्रं बघायला मागितली. तिथल्या बाईने काही विचारलं नाही. चौघांतलीच एक, तिला कशाला विचारायचं. अकराशे चाळीस चित्रांवर तिची सही होती. ती एकापाठोपाठ एक बघत गेली. पहिल्या तीस चित्रांत काटे होते. एकेक काटा हळुवार काढलेला, मुळाशी जाड, टोकाला नाहीसा होत गेलेला. ते बघताना तिला रडू येईल असं वाटलं, कारण इतकं चांगलं काम बाकीच्या तिघांच्या हातून कधी झालं नसतं. एकतिसाव्या चित्रापासून काटे थांबले. तिथून पुढे नुसती अंडी. मोठ्या गाठी दुसऱ्यांनी काढल्या होत्या, म्हणून मोठ्या गाठींचे काटे मशीनला दिसत होते. लहान गाठींना काटे नसतात, असं त्याला तिने शिकवलं होतं, आणि गुणी मुलासारखं ते त्याने लक्षात ठेवलं होतं.  आपल्याला कुणी बघतंय का म्हणून तिने मागे पाहिलं. बाई फोनवर मुलाचा अभ्यास घेत होती.

रविवारी ती धाकट्याकडे निघाली. तो आता फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानात काम करायचा आणि दुकानाच्याच वर दोन खोल्यांत राहायचा. बसमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात वाक्यांची तालीम करतो आहोत, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य "अरे, तू" असं सुरू होतंय. अरे, तू तेव्हा मला पुन्हा विचारायला हवं होतंस. अरे, तुला आठवतं का मी नक्की काय म्हणाले होते? हे दुसरं वाक्य दिसायला निरागस होतं. ते कशासाठी विचारायचं आहे, हे तिचं तिला कळलं तेव्हा तिने खिडकीकडे तोंड केलं. त्याला आठवत नसेल तर बरं, असं तिला वाटत होतं. शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या नजरेलाही तिला नजर देववेना.

धाकटा एकटाच होता. भावजय माहेरी गेली होती. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, आणि नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. मशीन चालतंय ना नीट? तीन वर्षं तो हे विचारत आला होता, वसतिगृहात ठेवलेल्या पोराची खुशाली विचारावी तसं. ती म्हणाली, त्याचंच बोलायला आले. काट्यांचं. तिने "अरे, तू" म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर तो उठला होता. पलंगाखालची पत्र्याची पेटी त्याने ओढली, नकाशांच्या जुन्या सुरळ्या बाजूला केल्या आणि एक वही काढून तिच्या हातात दिली. साधी, शाळकरी मुलांची वही. पहिल्या पानावर त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ताईच्या सांगण्यावरून काटे वगळले ती चित्रे. पुढे घालायचे आहेत. खाली तारीख. आणि मग आकडेच आकडे, पानामागून पान, प्रत्येक चित्राचा क्रमांक, त्यापुढे किती काटे होते आणि कुठल्या बाजूला.

"नकाशात जागा नाही म्हणून एखादा ओढा गाळला, तर त्याची नोंद ठेवायची, असं आमचे मोठे साहेब शिकवायचे," तो म्हणाला. "गाळणं हा गुन्हा नाही, नोंद न ठेवणं हा गुन्हा. काम संपलं तेव्हा मी तुला विचारलं होतं, यादी देऊ का. तू म्हणालीस, ठेव तुझ्याकडे." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने जरा उत्सुकतेने विचारलं, "का गं, लागली का?"

ती यादीबद्दलचं बोलणं तिला आठवत नव्हतं. कितीही खणलं तरी आठवेना. आपण ते बोललो असणार यात मात्र तिला तिळमात्र शंका नव्हती.

"लागली," ती म्हणाली.

त्याला आनंद झाला. जपून ठेवली ते बरं केलं मी, असं तो म्हणाला, आणि त्या आनंदासमोर तिला सगळं सांगावं लागलं. पोहायला शिकवणारी बाई, अकराचा आकडा, शेजारचा डॉक्टर, चहा. चहाचं सांगायची गरज नव्हती, तरी तेही सांगितलं. तो ऐकताना चौकटीची एक पट्टी हातात फिरवत होता. तिचं सांगून झालं तेव्हा त्याने ती पट्टी पलंगाच्या कडेशी सरळ लावून ठेवली.

"यात तुझी चूक नाही," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे, ताई." तो आवाज न चढवता म्हणाला. "पण हात माझा ना."

तिला पोचवायला तो बसथांब्यापर्यंत आला, कारण ती त्याची रीत होती.  बस आल्यावर त्याने वही तिच्या पिशवीत नीट आडवी ठेवली, कोपरा दुमडू नये अशी.

सोमवारी सकाळी तिने ती वही विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. प्रमुख म्हणजे नाकासमोर चालणारा, भित्रा पण भला गृहस्थ. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, भावाचं नाव मधे आणलंच पाहिजे का. कडा तिनेच काढल्या, घाईत चुकल्या, इतकं म्हटलं तर चौकशी लवकर आटपेल. क्षणभर तिला ते पटलं. भावाला वाचवणं म्हणजे चांगलंच की. मग तिला दिसलं की त्या कथेत ती पुन्हा एकदा सगळं काम स्वतः करणारी बाई ठरते आहे, आणि वही पुन्हा पेटीत जाते आहे. पहिली तीस चित्रं त्याची आहेत आणि उरलेली अकराशे दहा माझी, असं ती म्हणाली. प्रमुखांना ते नीट समजलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

शेजारच्या डॉक्टरला तिने त्यांच्या खोलीतच सांगितलं, टेबलाशी बसून, दोघांचे पडदे चालू असताना. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही. तो रागावेल, ओरडेल, निदान काहीतरी बोचरं बोलेल अशी तिने तयारी केली होती. त्याच्या जिभेला धार होती आणि ती आज तिच्यावर चालावी असं तिला जवळजवळ हवंच होतं.  तो म्हणाला, "चार दिवस तू मला चहा आणून देत होतीस." एवढंच.  त्याने खुर्ची बदलून घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं. तो तिथेच बसून, कामापुरतं बोलत, पूर्वीसारखं नीट वाचू लागला, आणि सासऱ्यांची ती गोष्ट त्याने पुढे कधी पुरी केली नाही.

मशीन बंद ठेवलं गेलं. तीन वर्षांत वीसच्या खाली आकडा आलेल्या सगळ्या लहान गाठी दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुन्हा वाचल्या. धाकट्याच्या वहीतल्या क्रमांकांवरून इंजिनियरांना मशीन नेमकं कुठे आंधळं झालंय ते दोन दिवसांत सापडलं, नाहीतर महिने गेले असते. त्यांतल्या एकाने विचारलंही, ही वही कोणाची, फार शिस्तीचा माणूस दिसतो. पुन्हा वाचल्यावर अकरा बायकांची नावं निघाली, ज्यांना परत बोलावून तपासणं भाग होतं. पुढे त्यांतल्या आठजणींचं काही निघालं नाही आणि तिघींचं निघालं. पण हे नंतरचं. तिचं वाचनाचं काम चौकशी संपेपर्यंत काढून घेतलं गेलं होतं आणि ती एका बाजूच्या खोलीत रिकामी बसायची. रिकामेपणीही तिला जाणवायचं की लोक आपल्याशी जरा जास्तच हळू बोलतात. तिने स्वतःहून कबूल केलं, असं विभागात कौतुकाने बोललं जात होतं. ते कानावर पडलं की तिला उठून दुसरीकडे जावंसं वाटायचं. फुलांच्या समारंभासारखंच ते होतं.

पोहायला शिकवणाऱ्या बाईचं ऑपरेशन झालं होतं. आजार काखेपर्यंत पोचला होता. पुढचे उपचार लांबलचक होते. तिला भेटायला जायला कुणी सांगितलं नव्हतं, उलट चौकशी चालू असताना जाऊ नका, असंच सांगितलं होतं. ती दुपारच्या भेटीच्या वेळेत गेली. बाई पलंगावर टेकून बसली होती, एक हात उशीवर ठेवलेला, केसांना आता साबणाचा वास. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"तुम्ही मला विचारलं होतं, मागच्या वर्षी होती का. होती. मी तेव्हा खोटं बोलले."

मग तिने कारणही सांगितलं, सोप्या शब्दांत, फोनवरच्या बोलण्यासकट. बाई तिच्याकडे बघत होती, विद्यार्थिनीचे हातपाय पाण्यात नीट चालतात की नाही ते बघावं तशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, "आता तुम्हाला बरं वाटत असेल." हे टोमणा म्हणून आलं की नुसतं पाहिलेलं सांगितलं, ते कळायला मार्ग नव्हता. तिला बरं वाटत नव्हतं, पण तेही सांगण्यासारखं नव्हतं. त्या खोलीत आपल्याला काय वाटतं हे सांगायला ती आलेली नव्हती, आणि तरी तेवढंच तर ती सांगून बसली होती.  बाईने दुखऱ्या हाताखालची उशी सारखी केली. मदत करायला पुढे झालेला डॉक्टरीणबाईंचा हात तिने पाहिला आणि मान हलवून नको म्हणाली.

"माझ्यासारख्या आणखी आहेत का?"

"अकराजणींना बोलवायचंय. सगळ्यांचं निघेलच असं नाही."

"त्यांना कोण सांगणार?"

पत्रं जाणार होती. दवाखान्याच्या कचेरीने मजकूर तयार केला होता: नेहमीच्या तपासणीचा एक भाग म्हणून आपण पुन्हा यावे. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला होता आणि त्यातल्या शब्दांवर त्यांचा आक्षेप नव्हता. खरं तर वाचून हायसं वाटलं होतं. बाईने तो मजकूर ऐकला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी तिने परत वळून पाहिलं नाही.

तिथून डॉक्टरीणबाई प्रमुखांकडे गेल्या. ते म्हणाले, असं फोन करून सांगायची पद्धत नाही, बायका घाबरतील, आणि तुम्ही तर मुळीच करू नये. तिने नावांचा कागद मागितला. त्यांनी दिला नाही. पण टेबलावर तसाच ठेवून ते हात धुवायला आत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

बाजूच्या खोलीत तिने दार लावून घेतलं. पहिल्या नावापुढे वय होतं, सत्तेचाळीस, आणि घरचा क्रमांक. दोनदा तिने अर्ध्यावर फोन ठेवला. तिसऱ्यांदा पलीकडे कुणीतरी उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणाला तरी "थांब जरा" म्हटलेलं ऐकू आलं, मग एक मोकळा, किंचित धाप लागलेला आवाज आला. तिने आपलं नाव सांगितलं, दवाखान्याचं नाव सांगितलं. मागच्या वर्षीच्या तपासणीबद्दल बोलायचंय, म्हणाली.

"अगंबाई, डॉक्टर तुम्ही स्वतः?" पलीकडच्या बाईला फार बरं वाटलेलं दिसत होतं. "कसली काळजी घेता हो तुम्ही माणसांची. मी अगदी ठणठणीत आहे. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"हो," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं." आणि तिने पायाने खुर्ची जवळ ओढली.